हेअर स्ट्रेटनर

हेअर स्ट्रेटनर हे कुरळे, नागमोडी किंवा पिंजारलेले केस उष्णतेच्या साहाय्याने तात्पुरते सरळ करणारे, हातात धरून वापरण्याचे विद्युत उपकरण आहे. चिमट्यासारख्या दोन बाहूंच्या आतल्या अंगास तापणाऱ्या सपाट प्लेटा बसवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये केसांची बट धरून उपकरण मुळाकडून टोकाकडे सरकवले जाते. बोलीभाषेत यास नुसते ‘स्ट्रेटनर’ किंवा ‘केसांची इस्त्री’ असेही म्हणतात. सरळ केलेले केस पुढच्या धुण्याबरोबर, आणि हवा दमट असल्यास त्याआधीच, आपल्या मूळ वळणावर जातात. उष्णतेने केसाला झालेली इजा मात्र कायम राहते. उपकरणाची निवड आणि वापर यांविषयीचे बहुतेक प्रश्न या एका विसंगतीतून उद्भवतात.

केसाची रचना आणि उष्णतेचा परिणाम

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्वचेच्या वर आलेला त्याचा भाग निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. म्हणूनच तो कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच बिघडल्यावर भरूनही येत नाही. त्वचेवरचा ओरखडा काही दिवसांत नाहीसा होतो. केसावरचा ओरखडा तो केस कापला जाईपर्यंत तसाच राहतो.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक दोन ते अडीच वर्षांचे असते. आठवड्यातून दोनदा स्ट्रेटनर वापरणाऱ्या व्यक्तीच्या केसांच्या टोकांनी या काळात दोनशेहून अधिक वेळा उष्णता सोसलेली असते, मुळाजवळच्या केसाने जेमतेम काही वेळा. वरचे केस मऊ आणि टोके केरसुणीसारखी, ही नेहमी ऐकू येणारी तक्रार त्यामुळेच आहे. टोकांना मुळांइतकीच उष्णता देणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

केसाच्या बाहेरील आवरणास क्यूटिकल म्हणतात. कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे त्याचे पातळ खवले एकावर एक रचलेले असून त्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेस असते. मानवी केसात अशा खवल्यांचे साधारण पाच ते दहा थर असतात. हे आवरण नीट बसलेले असले की प्रकाश सारखा परावर्तित होतो व केस चमकतात. खवले उचलले किंवा तुटले की केस निस्तेज दिसतात व एकमेकांत अडकतात. क्यूटिकलच्या आतील कॉर्टेक्स हा केसाचा मुख्य भाग. केसाची ताकद, लवचिकता आणि रंग यांवर अवलंबून असतात.

कॉर्टेक्समधील केराटिनच्या साखळ्या परस्परांशी अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. त्यांपैकी हायड्रोजन बंध दुबळे पण संख्येने पुष्कळ असतात. ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना वा थंड होताना पुन्हा जुळतात. वेणी घालून वाळवलेल्या केसांना लाटा पडतात त्या याच कारणाने. स्ट्रेटनर हेच काम उष्णता आणि दाब यांच्या जोरावर काही सेकंदांत करतो. केस सरळ अवस्थेत थंड झाला की बंध त्या अवस्थेत जुळतात. हवेतील ओलावा केसात शिरला की ते पुन्हा सुटतात. जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात सकाळी सरळ केलेले केस दुपारपर्यंत वळू लागतात, यात उपकरणाचा दोष नसतो. अशा दिवसांत तापमान वाढवल्याने परिणाम जास्त टिकत नाही, केवळ हानी वाढते.

केसाला मूळचा कुरळेपणा टिकवण्यास मदत करणारे डायसल्फाइड बंध याहून बळकट असतात. ते तोडण्यासाठी रसायने लागतात. साध्या स्ट्रेटनरने केस कायमचे सरळ होत नाहीत ते यामुळे. वारंवार उष्णता दिल्यावर एखाद्याचे कुरळे केस पाण्यातही पूर्वीसारखे वळेनासे झाले, तर तो उपचाराचा लाभ समजू नये; ती केराटिनची मूळ घडण मोडल्याची खूण असते.

पूर्ण कोरड्या केसातील केराटिनची सर्पिलाकार रचना सुमारे २३० ते २४० अंश सेल्सिअस तापमानास उद्ध्वस्त होते. तोच केस पाण्याने भिजलेला असेल, तर ही मर्यादा सुमारे १५० अंशांपर्यंत खाली येते. स्ट्रेटनरविषयी एकच माहिती लक्षात ठेवायची झाल्यास ती ही ठेवावी. बाजारातील अनेक उपकरणे २३० अंशांपर्यंत तापतात, म्हणजे कोरड्या केसाच्याही सीमेवर जाऊन पोहोचतात. ओल्या केसासाठी तर ती सीमा केव्हाच ओलांडलेली असते. त्याहून कमी तापमानासही हानी अजिबात होत नाही असे नाही. केसातील ओलावा कमी होतो, क्यूटिकलला तडे जातात आणि ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्ले हळूहळू विघटित होतात. पांढरे केस उष्णतेने पिवळसर पडतात. काळ्या केसांत हा बदल दिसून येत नाही, इतकेच.

ओल्या केसाला तप्त धातूचा स्पर्श झाल्यास आतील पाण्याची एकाएकी वाफ होते, ती बाहेर पडण्यास वाट शोधते आणि केसाच्या आत पोकळ्या निर्माण होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. ‘बबल हेअर’ या नावाने त्याचे वर्णन १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रथम करण्यात आले. १९९० च्या दशकातील प्रयोगांत १२५ अंशांचा तापता चिमटा एक मिनिट धरल्यानेही असे बुडबुडे निर्माण झाल्याचे दिसले. बुडबुड्याच्या जागी केस सहज तुटतो. बट ओढताना ‘चर्र’ असा आवाज येणे किंवा वाफ दिसणे हे केस पुरते वाळले नसल्याचे लक्षण आहे. ही वाफ म्हणजे सौंदर्यप्रसाधनाचा परिणाम असल्याची समजूत चुकीची आहे.

इतिहास

तापवलेल्या धातूने केसांना आकार देण्याची पद्धत जुनी आहे. १८७२ च्या सुमारास पॅरिसमधील केशरचनाकार मार्सेल ग्रातो याने तापत्या चिमट्याने केसांत लाटा पाडण्याचे तंत्र प्रचारात आणले. त्याच्याच नावाने ते पुढे ओळखले गेले. हे तंत्र केस वळवण्याचे होते. सरळ करण्यासाठी तापवलेले धातूचे कंगवे एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समध्ये वापरात आले होते. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये अशा कंगव्यांचा प्रसार होण्यात मादाम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) या उद्योजिकेचा मोठा वाटा होता. कंगव्याची जनक म्हणून तिचे नाव सर्रास घेतले जाते, ते मात्र बरोबर नाही. दोन तप्त सपाट पट्ट्या एकमेकींवर दाबणाऱ्या साधनाचे एकस्व १९०९ मध्ये अमेरिकेत आयझॅक के. शेरो यास मिळाले. आजच्या उपकरणाचे मूळ रूप हेच मानले जाते.

१९६० च्या दशकात लांब, सरळ केसांची आवड पाश्चात्त्य देशांत इतकी बळावली की तरुणी इस्त्रीच्या मेजावर डोके टेकून कपड्यांच्या इस्त्रीने केस सरळ करीत. तापमानावर नियंत्रण नसलेल्या या उद्योगात केस जळणे व चेहरा भाजणे ओघाने आलेच. पुढे सिरॅमिक हीटर व इलेक्ट्रॉनिक तापमान-नियंत्रण आल्यावर घरगुती स्ट्रेटनर खऱ्या अर्थाने सुलभ झाला. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये स्थापन झालेल्या जीएचडी या कंपनीने सलूनमधील दर्जाचे उपकरण घरोघरी नेले. २०२० मध्ये डायसन कंपनीने वाकणाऱ्या प्लेटांचा, तारेविना चालणारा स्ट्रेटनर बाजारात आणला.

सरळ केस म्हणजेच नीटनेटके केस, ही कल्पना सार्वत्रिक नाही. संस्कृत व जुन्या मराठी काव्यात कुरळ्या कुंतलांचे वर्णन कौतुकाने येते. तेल लावून घट्ट वेणी किंवा अंबाडा घालण्याच्या पद्धतीत केस सरळ आहेत की नागमोडी, हा प्रश्न फारसा उद्भवतही नसे. अमेरिकेत नोकरीसाठी व शाळेसाठी केस सरळ करण्याचा दबाव आफ्रिकी वंशाच्या लोकांवर दीर्घकाळ राहिला. नैसर्गिक केशरचनेवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा पहिला राज्य-कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला.

उपकरणाची रचना

स्ट्रेटनरमध्ये हीटर, तापमान मोजणारा संवेदक, नियंत्रक आणि प्लेटा हे मुख्य भाग असतात. स्वस्त व मध्यम किमतीच्या उपकरणांत बहुधा पीटीसी प्रकारचा सिरॅमिक हीटर असतो. ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो व तापणे आपोआप आवरले जाते. म्हणून तो सुरक्षित. परंतु थंड, दाट केसांवरून फिरताना प्लेट निवली की तिचे तापमान पूर्ववत होण्यास थोडा वेळ लागतो. महाग उपकरणांतील हीटर व संवेदक ही घट त्वरित भरून काढतात. फरक पडतो तो येथे. तापमान स्थिर राहिल्यास एका फेऱ्यात काम होते. प्लेट निवत गेल्यास तीच बट तीन-चार वेळा इस्त्री करावी लागते.

प्लेटा बहुधा ॲल्युमिनियमच्या असून त्यांवर सिरॅमिकचा लेप असतो. ‘सिरॅमिक स्ट्रेटनर’ या शब्दाचा अर्थ बहुतांशी एवढाच. लेपामुळे केस सहज सरकतात व उष्णता बरीच समान पसरते, पण लेप झिजला वा त्याचे कपचे उडाले की उघड्या कडा क्यूटिकल खरवडतात. अशी प्लेट वापरातून काढून टाकावी. टायटॅनियमच्या प्लेटा कणखर, हलक्या व गुळगुळीत असतात. सराईत हातांना त्या सोयीच्या वाटतात. टूर्मलिन या खनिजाची पूड मिसळलेल्या लेपातून ऋण आयन बाहेर पडून केस मुलायम होतात असा प्रचार केला जातो. टूर्मलिन तापवल्यावर विद्युतभारित होते हे खरे, परंतु त्यामुळे केसांचे उष्णतेपासून रक्षण होते असे मानण्यास समाधानकारक आधार नाही.

निवड

विक्रेते प्लेटांच्या नावांवर भर देतात. ग्राहकाने आधी तापमानाची सोय पाहावी. केवळ चालू-बंद बटण असलेल्या उपकरणात केसाला किती उष्णता मिळते हे कळतच नाही, आणि असे उपकरण कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा खुणांपेक्षा अंश दाखवणारा दर्शक चांगला. बारीक, रंगवलेल्या वा आधीच बिघडलेल्या केसांसाठी १२० ते १५० अंश, मध्यम जाडीच्या निरोगी केसांसाठी १५० ते १८० अंश आणि दाट, राठ किंवा घट्ट कुरळ्या केसांसाठी १८० ते २०० अंश एवढे तापमान साधारणतः पुरते. जीएचडीने आपल्या अनेक उपकरणांत १८५ अंश हे एकच तापमान ठेवले आहे. २३० अंशांचा आकडा वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो खरा, पण तो उपकरणाचा गुण समजण्याचे कारण नाही. परदेशातून आणलेल्या उपकरणावर फॅरनहाइट अंश असू शकतात. त्यावरील ३०० म्हणजे सुमारे १४९ अंश सेल्सिअस, ३५० म्हणजे सुमारे १७७ आणि ४५० म्हणजे सुमारे २३२.

प्लेटांची रुंदी केसांच्या लांबीप्रमाणे घ्यावी. सुमारे २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच रुंदीच्या प्लेटा खांद्यापर्यंतच्या व मध्यम केसांना सोयीच्या असतात. लांब व दाट केसांना दीड ते दोन इंच रुंदीने वेळ वाचतो. आखूड केसांना व कपाळावरील बटांना त्याहून अरुंद प्लेटा लागतात. स्प्रिंगवर किंचित हलणाऱ्या प्लेटा बटेवर सारखा दाब देतात. दुकानात उपकरण मिटून उजेडासमोर धरावे. प्लेटांमध्ये एका बाजूस फट दिसली तर ते घेऊ नये, कारण फटीतून सुटणाऱ्या केसांसाठी प्रत्येक वेळी जादा फेरा मारावा लागणार. कडा गोलसर असाव्यात. ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय, बुडाशी गोल फिरणारी व पुरेशी लांब वायर आणि आयएसआय चिन्ह या बाबी पाहून घ्याव्यात. कंगव्याच्या आकाराचे तापते ब्रशही मिळतात. ते केसांना प्लेटांइतके दाबत नाहीत. नागमोडी केस थोडे सावरण्यास ते पुरतात, घट्ट कुरळ्यांना नाही.

अमेरिकेतील नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेल्या उपकरणांविषयी विशेष सावधगिरी हवी. तेथील वीजपुरवठा १२० व्होल्टचा, भारतातील २३० व्होल्टचा. केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेला साधा हीटर येथे जोडल्यास त्यातील वीजशक्ती साडेतीन पटींहून अधिक होते. पिनांचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. उपकरणावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तरच ते येथे थेट वापरावे.

केसांचे उष्णतेपासून रक्षण

सर्वांत मोठे रक्षण म्हणजे केस पूर्ण कोरडे असणे. ते वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरण्यास हरकत नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ड्रायर सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलता ठेवल्यास केसाच्या पृष्ठभागाची हानी कमी होते असे आढळले. त्या अंतरावर हवेचे तापमान सुमारे ४७ अंश होते. ड्रायर ५ सेंटिमीटरवर आणल्यास ते ९५ अंशांवर गेले. केस फार वेळ ओले राहणेही सर्वस्वी निर्दोष नसल्याचे त्याच अभ्यासात दिसले. तप्त प्लेटांऐवजी हवेच्या झोताने ओले केस वाळवून सरळ करणारी उपकरणे २०२३ पासून मिळू लागली आहेत. ‘ओल्या केसांवर चालते’ हा दावा अशा उपकरणांना लागू पडतो. तो सपाट प्लेटांच्या स्ट्रेटनरवर छापलेला असल्यास त्यावर विसंबू नये.

उष्णतारोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांत व सीरममध्ये डायमेथिकोनसारखी सिलिकोने, विविध बहुवारिके आणि जलविघटित प्रथिने असतात. ती केसावर पातळ थर देतात, उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतात, ओलावा टिकवतात आणि घर्षण घटवतात. उष्णता पूर्णपणे अडवणारे द्रव्य यात एकही नाही. फवारा मारून २३० अंशांची इस्त्री फिरवण्यापेक्षा फवारा न मारता १६० अंशांची फिरवणे केव्हाही बरे. फवारा ओलसर केसांवर मारून केस पूर्ण वाळू द्यावेत. कोरड्या केसांवर मारल्यास तो सुकेपर्यंत थांबावे.

तेलाविषयी मराठी घरांत गोंधळ आढळतो. खोबरेल तेल केसांना हितकारक आहे, यास आधार आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्याआधी वा नंतर लावलेल्या तेलांपैकी केवळ खोबरेलामुळे केसातील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय कमी झाल्याचे आढळले. (ही कंपनी खोबरेल तेल विकते, हेही ध्यानात असावे.) या तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते. परंतु हा लाभ धुण्याच्या संदर्भातील आहे. तेल लावलेले केस स्ट्रेटनरमध्ये धरणे ही वेगळीच गोष्ट. खोबरेल तेल प्रकारानुसार सुमारे १७५ ते २०५ अंशांस धुरावू लागते. प्लेटेवर तेल साचते, जळते व पुढच्या बटेला चिकटते. तेल न्हाण्याआधी लावावे, इस्त्रीआधी नव्हे.

प्रत्यक्ष वापरात केस विंचरून गुंता काढावा आणि दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या, पातळ बटा घ्याव्यात. जाड बटेच्या आतले केस थंड राहतात आणि बाहेरचे अकारण भाजतात. उपकरण एका जागी न थांबवता एकाच संथ गतीने खाली न्यावे व टोकांशी वेग किंचित वाढवावा. एका बटेवर एक, फार तर दोन फेरे. दोन फेऱ्यांत केस सरळ होत नसल्यास आधी बट पातळ करावी; तापमान वाढवण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही दहा अंशांच्या पायरीने. केस पूर्ण निवेपर्यंत बांधू नयेत. आठवड्यातून किती वेळा हे करावे याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, पण रोज करणाऱ्यांचे केस ते लपवू शकत नाहीत. फाटे फुटलेली टोके कोणत्याही लेपाने कायमची सांधली जात नाहीत. ती कापावी लागतात.

रासायनिक सरळीकरणातील वापर

सलूनमध्ये स्ट्रेटनर रसायनांच्या जोडीने वापरला जातो, आणि तेथे प्रश्न केसांपुरता उरत नाही. १९९० च्या दशकात जपानमधून प्रसार पावलेल्या रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट वर्गातील द्रव्याने डायसल्फाइड बंध तोडून, केस इस्त्रीने सरळ करून, हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जोडले जातात. परिणाम कायमचा असतो. मुळाशी उगवणारे केस मात्र मूळ वळणाचेच येतात.

‘केराटिन ट्रीटमेंट’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. या प्रकारातील अनेक द्रव्यांचे काम फॉर्मल्डिहाइड किंवा ते उत्सर्जित करणाऱ्या संयुगांवर चाललेले आढळले आहे. द्रव्य लावलेल्या केसांवरून तप्त प्लेट फिरली की हा वायू हवेत पसरतो. डोळे झोंबणे, घसा खवखवणे, खोकला ही त्याची पहिली लक्षणे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडचे वर्गीकरण मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ असे केले आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने २०११ मध्ये सलूनमधील कामगारांसाठी याविषयी धोक्याची सूचना काढली. ग्राहक वर्षातून एक-दोनदा या वायूत बसतो, तेथे काम करणारी मुलगी रोज.

फॉर्मल्डिहाइड टाळण्यासाठी काही उत्पादकांनी ग्लायॉक्सिलिक आम्लाचा आश्रय घेतला. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षीय स्त्रीचे उदाहरण प्रसिद्ध झाले. असे आम्ल असलेल्या क्रीमने केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा तीव्र इजा झाली होती. उंदरांवरील प्रयोगात त्याच क्रीमने मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याचे दिसले. ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ या शब्दांवर न थांबता घटकद्रव्यांची यादी मागून पाहावी. ती दाखवण्यास नकार मिळाल्यास खुर्चीवरून उठण्यास संकोच करू नये.

सुरक्षितता व निगा

बंद केल्यावरही प्लेटा बराच वेळ तप्त राहतात. लहान मुलांना भाजण्याचे प्रसंग पुष्कळदा या वेळात, लोंबती वायर ओढल्याने घडतात. उपकरण पलंगावर, गादीवर वा कपड्यांवर ठेवू नये. न्हाणीघरात ते वापरू नये. निवण्याआधी वायर उपकरणाभोवती गुंडाळल्यास तिचे आवरण वितळते व बुडाशी तारा तुटतात.

कातडी भाजल्यास त्या जागेवर वाहते थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, हळद, तूप किंवा शाई लावू नये. त्यांनी उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट पाहता येत नाही. डोळ्याजवळ भाजल्यास, मोठा फोड आल्यास किंवा भाजलेले मूल लहान असल्यास रुग्णालयात न्यावे.

प्लेटांवर साचलेला फवाऱ्याचा व सीरमचा थर केसांना चिकटतो व जळतो. वायर काढून, उपकरण पूर्ण थंड झाल्यावर प्लेटा ओलसर मऊ फडक्याने पुसाव्यात व कोरड्या कराव्यात. चाकूने वा घासणीने खरवडल्यास लेप जातो.